डाव्या पायाचा बूट

ओतिया ग्वझावांची नाटकं मी टंकत असे,
एकोणीस वर्षं, कुतैसीत,
रिओनीच्या पुलाजवळच्या दुसऱ्या मजल्यावर.
विनोदी नाटकं. तिकिटांसाठी मारामारी व्हायची,
लोक पोट धरून हसायचे, छत्र्या विसरून जायचे.

मला त्यांचं अक्षर लागायचं.
शाई कुठे दाटली, कुठे टाक नुसताच टेकून राहिला
आणि कागदाला भोक पडलं,
हे छापील पुस्तकात उतरत नाही.

माझ्या हातच्या दुसऱ्या नाटकात एक म्हातारा
पडदा वर गेल्यापासून रबरी बूट शोधतो.
डाव्या पायाचा. लहान.
पलंगाखाली, पिंपामागे, पाहुण्यांच्या टोप्यांत,
शेवटी पाद्र्याच्या खिशातसुद्धा हात घालतो.
इथे हशा हमखास. पहिली प्रत काढताना मीही हसले.
तेवढ्यात पेलागियाबाई चहा घेऊन आल्या,
कागदावर नजर गेली त्यांची,
ट्रे तसाच धरून म्हणाल्या,
“उजवा आहे माझ्याकडे. त्सियालाचा.”
घटसर्प. पाच दिवस. सहा वर्षांची पोर.
त्या दिवशी चहात साखर नव्हती, मी मागितली नाही.

दारावर थाप मात्र त्यांच्या एकाही नाटकात नाही.
माणसं सरळ आत येतात, सावकारसुद्धा.
दिग्दर्शक वैतागायचा: अहो, निदान घंटा तरी?
“आमच्या इमेरेतीत दारं उघडीच असतात,” म्हणायचे.
खोटं. त्यांच्या दाराला तीन कड्या होत्या,
सदतीस सालच्या त्या रात्रीपासून,
थोरल्या भावाला, अंबाकोला,
पायातल्या सपातांसकट नेलं तेव्हापासून.

आणि तेंगिझ. केर्चहून कागद आला होता,
त्यावरचा ‘बेपत्ता’ हा शब्द
त्यांनी मला कधी टंकू दिला नाही,
हरवलेल्या बकरीबद्दलसुद्धा.
“बाहेर गेलाय, येईलच,” असं लिही म्हणायचे.
म्हणून प्रत्येक नाटकात कुणीतरी बाहेर गेलेलं असतं,
टेबलावर एक ताट जास्तीचं.
समीक्षक म्हणाले, ही ग्वझावांची लकब.

पेलागियाबाई मार्चमध्ये गेल्या, बदाम फुलले होते.
आमच्याकडे रीत आहे: घराबाहेर नेताना
पेटी दारावर तीनदा आपटायची.
खांदेकऱ्यांनी आपटली. एक. दोन. तीन.
ते गर्दीत मागे उभे होते, दाढी वाढलेली.
“कोण आहे?” म्हणाले.
मोठ्याने. सवयीने नव्हे, विचारलंच त्यांनी.
एकदोघांना हसू फुटलं. नाटककार माणूस.

चाळीस दिवसांनी मला बोलावलं.
म्हणाले, नवीन नाटक. कागद चढव.
पात्रांची यादी घे, नावापुढे वय.
बोटांवर मोजत सांगू लागले:
त्सियाला, चौतीस. तेंगिझ, एक्केचाळीस, किंचित टक्कल.
अंबाको, बहात्तर, कमी ऐकू येतं.
पेलागिया. इथे बोटं थांबली.
“आहे तेवढंच राहू दे. तिला अजून वर्ष नाही झालं.”
मी विचारलं, पहिला अंक?
“आधी ही मंडळी तर जमू देत.”

त्या शरदात तेही गेले.
नाट्यगृहाची माणसं आली, अपुरं काही आहे का म्हणून.
मी धोब्याचा हिशेब दिला, औषधांच्या चिठ्ठ्या दिल्या.
त्यांनी त्या काचेच्या कपाटात मांडल्या आहेत.

यादी माझ्या खणात आहे.
दर जानेवारीत खोडरबर घेऊन बसते,
एकेक वर्ष वाढवते, पेन्सिलीने.
तेंगिझ यंदा पेन्शनीत निघाला.
त्सियालाला मी चष्मा लावलाय, जवळचा.
अंबाकोचं मात्र गेल्या वर्षी थांबवलं.
नव्वदाव्या वर्षी, आपल्या पलंगावर, झोपेत.
सपाता खाली, शेजारी शेजारी.